'ना' न लावता विचारा

दरवर्षी मृग लागायच्या आधी मी आमच्या तालुक्यात आत्महत्या रोखण्याबद्दल एक दिवसाचं प्रशिक्षण घेते. समोर आशाताई, अंगणवाडीताई, दोनचार शिक्षक आणि बोलावलं तर येणारे एकदोन कृषी केंद्रवाले असतात. मी ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक आहे, यवतमाळ जिल्ह्यात, सोळा वर्षं झाली. पहिला प्रश्न माझा ठरलेला असतो: माणूस जीव का देतो? उत्तरं धडाधड येतात. कर्ज, नापिकी, दारू, घरातली भांडणं, पोरीचं लग्न. फळा भरला की मी विचारते, "तुमच्या गावात कर्ज किती घरांवर आहे?" सगळे हसतात. "मग बाकीची घरं?" यावर कोणी बोलत नाही.

सरकारी तक्त्यातही हाच घोळ आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात आत्महत्येने गेलेल्या १,७०,९२४ जणांची नोंद आहे, त्यातले २२,७४६ आपल्या महाराष्ट्रातले, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. खाली कारणांचा तक्ता: कौटुंबिक समस्या ३१.७ टक्के, आजारपण १८.४ टक्के, आणि असंच पुढे. एका माणसाच्या वाट्याला एकच रकाना येतो. मी ज्या घरांत जाऊन बसले, त्यातल्या एकाही घरात एकच कारण नव्हतं.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट. हे तुम्ही दुसऱ्यासाठी नव्हे, स्वतःसाठी वाचत असाल, तर बाकीचं नंतर वाचा. आधी १४४१६ ला फोन लावा. टेलिमानस नावाची ही सरकारी सेवा २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, फुकट आहे, रात्री दोनलाही चालते आणि मराठीत बोलता येतं. जिवाला आत्ताच धोका असेल तर ११२. आणि घरात जो जागा असेल त्याला उठवा. उठवल्याचा राग कोणाला येत नाही.

आता सिद्धांतांबद्दल. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, करताना मी ते परीक्षेपुरते पाठ केले आणि नोकरी लागल्यावर सहा महिन्यांत विसरले. 'कोणी काय सांगितलं' अशी ती यादी होती. पुन्हा काढून वाचायला लागले तेव्हा कळलं की प्रत्येक सिद्धांत म्हणजे समोरच्याला विचारायचा एकेक प्रश्न आहे. प्रशिक्षणात मी ते तसेच शिकवते. सगळे शिकवत नाही. फ्रॉइडचं १९१७ चं म्हणणं, दुसऱ्यावरचा राग माणूस स्वतःवर उलटवतो, हे ऐकायला भारी वाटतं, पण ओट्यावर बसून त्याचं काय करायचं ते मला अजून उमगलेलं नाही. ते मी सोडून देते.

सुरुवात करते एडविन श्नाइडमनपासून. या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर लॉस एंजेलिसला आत्महत्या प्रतिबंध केंद्र काढलं आणि आयुष्यभर हाच विषय केला. त्याचं म्हणणं असं की माणसाला मरण नको असतं, आतली असह्य तगमग थांबायला हवी असते. म्हणून पहिला प्रश्न 'का' नाही. पहिला प्रश्न 'सगळ्यात जास्त काय टोचतं?'. कर्ज दोन लाखांचं असेल, पण टोचत असेल ते सोसायटीच्या बैठकीत नाव वाचलं गेलं ते. आकड्यावर उपाय शोधत बसलात तर ते वाचून दाखवलेलं नाव तसंच राहतं.

दुसरा प्रश्न अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉइनर यांच्या सिद्धांतातून घेतलाय. त्यांचे वडील आत्महत्येनेच गेले. २००५ मध्ये त्यांनी हा सिद्धांत मांडला. ते म्हणतात, इच्छा तीव्र होते ती दोन भावना एकत्र आल्या की: 'मी कोणाचाच नाही' आणि 'मी सगळ्यांवर ओझं आहे'. ही दुसरी भावना आपल्या बोलण्यात इतकी मुरली आहे की ती ऐकू येईनाशी झाली आहे. "माझं काय, आज आहे उद्या नाही." "मी गेलो की तुमच्या मागची कटकट संपेल." "पोरीचं उरकलं की मी मोकळा." हे 'मोकळा' फार फसवं. दहातल्या नऊ जणांचा मोकळा म्हणजे खरंच तीर्थयात्रेला जायला मोकळा. दहाव्याला विचारावंच लागतं, "मोकळा म्हणजे कसा, भाऊ?" म्हातारी माणसं, अंथरुणाला खिळलेली, ज्यांच्या औषधावर घराचा पैसा जातो अशी, यांच्या तोंडी ओझ्याची भाषा आली की मी ताठ होऊन ऐकते. आणि तिथे "असं बोलू नये" म्हणून गप्प करायचं नाही. आपल्याला ते ऐकवत नाही म्हणून आपण गप्प करतो, आणि त्यांना कळतं की हेही इथे बोलायचं नाही.

तिसरा प्रश्न कोंडीचा. मानसशास्त्रज्ञ मार्क विल्यम्स यांनी आणि पुढे २०११ मध्ये रॉरी ओकॉनर यांनी हे नीट मांडलं: हार झाली, मानहानी झाली, आणि त्यातून बाहेर पडायला वाट नाही असं वाटलं की माणूस मरणाकडे वाट म्हणून बघायला लागतो. नुसती हार पचते. चारचौघांतली हार, तीही वाट नसलेली, ती पचत नाही. आठवडी बाजारात सावकाराच्या माणसाने केलेली उणीदुणी, लग्नात भावकीने मांडीला मांडी लावून न बसणं, नापास झालेल्या पोराचं शेजारच्या पोराशी मोजमाप. विचारायचं असं: "यातून बाहेर पडायला काय काय करून पाहिलं?" मग ऐकायचं. माणूस तीन वाटा सांगतो आणि प्रत्येकीपुढे 'ती पण बंद' म्हणतो. कधी कधी चौथी वाट खरंच असते. कर्जाचं पुनर्गठन, पोलीस पाटलाला मध्ये घालणं, पोराला वर्षभर मामाकडे ठेवणं. ती त्याला दिसत नसते, कारण दुखत असताना नजर बोळकांडीएवढी होते. पण पहिल्या पाच मिनिटांत उपाय काढू नका. मी पहिली चारपाच वर्षं हेच करत होते, योजनांची यादी पिशवीत घेऊन फिरायचे. लोक "हो ताई" म्हणायचे, कागद घ्यायचे, आणि मनातलं मनातच ठेवायचे.

इथे दुर्खीमबद्दल दोन ओळी, कारण प्रशिक्षणात कोणी ना कोणी शिक्षक त्याचं नाव काढतोच. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ, आत्महत्येवरचा १८९७ चा ग्रंथ, त्यात तिचे चार प्रकार. त्यातला नियतीवादी प्रकार, म्हणजे माणसाभोवती बंधनं इतकी आवळलेली की श्वासच घेता येऊ नये, हा त्याने चक्क तळटीपेत टाकला, आपल्या काळात त्याला फारसं महत्त्व नाही म्हणून. आपल्याकडे २०२२ मध्ये आत्महत्येने गेलेल्या बायकांत निम्म्याहून जास्त गृहिणी होत्या. ती तळटीप मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिते. तरुण सुनेला भेटायचं तर सासूसमोर नाही. वजनाच्या निमित्ताने, बाळाच्या लशीच्या निमित्ताने तिला एकटी गाठा. फोन तिच्या हातात असतो का, माहेरी शेवटची कधी गेली, हे दोन प्रश्न पुरतात. मारहाण असेल तर ती मनाची अडचण नाही, ती मारहाण आहे. १८१ ही महिला हेल्पलाइन तिला पाठ करून द्या.

चौथा प्रश्न आशेचा. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अॅरन बेक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०७ रुग्णांचा दहा वर्षांपर्यंत मागोवा घेतला. आत्महत्येचे विचार येतात म्हणून दाखल झालेली ही माणसं होती. १९८५ मध्ये त्यांनी लिहिलं की पुढे कोण दगावेल हे उदासीपेक्षा हताशपणावरून जास्त कळत होतं. उदास माणूस 'आज वाईट आहे' म्हणतो. हताश माणसाच्या बोलण्यात पुढचं काही येतच नाही. म्हणून मी भविष्यकाळातलं साधं काहीतरी विचारते: यंदा काय पेरणार, दिवाळीला लेक येणार का. उत्तर काय येतं यापेक्षा क्रियापद कोणाचं आहे, त्याचं स्वतःचं की दुसऱ्याचं, ते ऐका.

मागच्या एका मे महिन्यातलं सांगते. तपशील इतके बदललेत की गावातला माणूसही ओळखणार नाही. आशाताईचा फोन आला, गावातल्या एका शेतकऱ्याबद्दल: "ताई, भाऊनं बैल मेव्हण्याकडं नेऊन बांधले. विकले नाही जी, बांधले." विकले असते तर मी गेले नसते, मे महिन्यात बैल विकले जातातच. पैसा न घेता बांधले, म्हणजे आवराआवर चालली असेल असं वाटलं, म्हणून गेले. दारात त्यांची बायको सोयाबीनची उगवण तपासत होती. ओलं गोणपाट, त्यावर दहाच्या दहा ओळी, शंभर दाणे, गुंडाळी करून सावलीत. शंभरात सत्तर उगवले तर बी पेरायला चालतं. भाऊ शेजारीच बसले होते, पण गोणपाटाकडे एकदाही बघितलं नाही. मी विचारलं, "यंदा काय पेरणार?" "ते तिले विचारा," म्हणाले.

आता माझ्या सगळ्यात मोठ्या चुकीबद्दल. सुरुवातीची कित्येक वर्षं मी अशा वेळी विचारायचे, "तुमच्या मनात काही वाईट विचार तर येत नाहीत ना?" हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा. त्यातल्या 'तर' ने आणि 'नाहीत ना' ने उत्तर आधीच देऊन टाकलंय. समोरच्याने 'नाही' म्हणावं ही विनंती आहे ती, प्रश्न नाही. लोक विनंतीला मान देतात. एका घरात मी तसं विचारलं, "नाही जी" ऐकलं, चहा घेतला, आणि निघाले. नंतर काय झालं ते मी इथे लिहिणार नाही. तेव्हापासून माझ्या प्रशिक्षणात प्रत्येकाकडून एक वाक्य दहादा म्हणवून घेते, कारण पहिल्या तीन वेळा जीभ अडखळतेच:

"त्रास एवढा वाढला की काही जणांच्या मनात जीव द्यायचे विचार येतात. तुमच्या मनात येतात का?"

'ना' नाही. 'वाईट विचार' नाही, 'तसलं काही' नाही, 'काही बरंवाईट' तर अजिबात नाही. सरळ शब्द. विचारल्याने डोक्यात नसलेलं भरवलं जातं ही भीती सगळ्यांना वाटते. तसं होत नाही. यावर वेगवेगळ्या देशांत, शाळकरी मुलांवरसुद्धा, अभ्यास झालेत. माझा अनुभव असा की विचारलं की खांदे खाली येतात.

विचारल्यावर थांबा. घड्याळ बघू नका, पदर सारखा करू नका, पाणी मागू नका. भाऊ बराच वेळ काही बोलले नाहीत. बायको गोणपाट घेऊन आत गेली. मग म्हणाले, "हो जी. येते."

'हो' आलं की आपण आधी घाबरतो. ठीक आहे, घाबरा, पण बोलत राहा. पुढचे प्रश्न क्रमाने: कधीपासून, दिवसातून किती वेळा, कसं करायचं ते ठरवलंय का, ते साधन घरात आहे का, आणि आजचा दिवस कसा आहे. शेवटी मी एक हमखास विचारते: "आतापर्यंत कशाने थांबलात?" यातून माणसाला धरून ठेवणारा धागा कळतो. भाऊ म्हणाले, "धाकटीचा निकाल लागू दे म्हनलं." दहावीचा निकाल आठ दिवसांवर आला होता. धागा होता, पण त्याला तारीख होती. 'मुलीसाठी थांबलेत, म्हणजे बरं आहे' असं समजून मी उठले असते तर? धागा सापडला की तो किती दिवसांचा आहे ते विचारून घ्या.

मग करायचं काय? जॉइनर, ओकॉनर आणि २०१५ मध्ये क्लॉन्स्की आणि मे यांनी मांडलेला तीन पायऱ्यांचा सिद्धांत, तिघांचंही एका बाबतीत एकमत आहे: विचार येणं आणि कृती होणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची कारणंही वेगळी. विचार असंख्य लोकांना येतात आणि त्यातली बरीच माणसं काहीच करत नाहीत. मधल्या अंतरात साधन हाताशी असणं किंवा नसणं फार मोठं काम करतं, कारण लाट जेवढी उंच तेवढी आखूड असते. ती ओसरेपर्यंत हात रिकामा राहिला पाहिजे. श्रीलंकेने १९९५ पासून सगळ्यात विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि तिथला आत्महत्यांचा दर पुढच्या दोन दशकांत साधारण सत्तर टक्क्यांनी खाली आला. लोकांची दुःखं काही सत्तर टक्क्यांनी कमी झाली नव्हती. तामिळनाडूत मानसोपचारतज्ज्ञ डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांच्या चमूने काही गावांत फवारणीची औषधं घरांऐवजी गावच्या एका सामायिक कोठीत कुलपात ठेवून पाहिली. तिथेही फरक दिसला. तेव्हा "त्याला मरायचंच असेल तर तो काहीही करेल" हे वाक्य पारावर कोणी म्हणालं की श्रीलंका सांगा.

भाऊंच्या घरची फवारणीची औषधं त्याच दुपारी त्यांच्या भावाच्या शेतातल्या कोठीत गेली, किल्लीही त्या भावाकडे. हे त्यांना सांगून, त्यांच्या देखत केलं. चोरून केलेलं कळतं आणि मग तो माणूस तुमच्याशी पुन्हा बोलत नाही. कृषी केंद्रवाल्यांना मी सांगते, उधारीत नेहमीपेक्षा वेगळं, अवेळी, एकट्याने मागितलं तर दोन मिनिटं गप्पा मारा, घरी फोन करा. त्यातला एकजण दुकान बंद असल्याचं सांगतो. तेही चालतं.

मग कालनिर्णयचं जुनं पान उलटं करून आम्ही लिहायला बसलो. अमेरिकेत स्टॅन्ली आणि ब्राउन यांनी याला सुरक्षा आराखडा म्हटलंय. मी नुसतं 'कागद' म्हणते. त्यांच्याच शब्दांत लिहायचं: लाट येतेय हे कशावरून कळतं (रात्री तीनला जाग, छातीत धडधड), तेव्हा एकट्याने काय करता येतं (बैलांकडे जायचे, आता बैल नाहीत, म्हणून विहिरीऐवजी रस्त्याकडच्या बाजूने चक्कर, हे त्यांनीच सुचवलं), कोणाकडे जाऊन बसायचं, कोणाला खरं सांगायचं, आणि खाली १४४१६. दोन नावं लिहिली, तिसरं सुचेना. बऱ्याच वेळाने म्हणाले, "बारक्या न्हावी." लिहिलं. पान त्यांच्या बंडीच्या खिशात.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञाकडे मी आणि त्यांचा भाऊ घेऊन गेलो. नुसती चिठ्ठी देऊन पाठवलं तर निम्मी माणसं एसटी स्टँडवरून परत येतात. नैराश्याचं औषध सुरू झालं. तिथे भावाने हळूच विचारलं, "पोलीस केस तर नाही होणार?" ही भीती अजून गावोगाव आहे, प्रयत्न फसलेल्या माणसाला लोक दवाखान्यात नेत नाहीत ते यापायी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५ व्या कलमाने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही असं ठरलं. उपचार देणं हे सरकारचं कर्तव्य आहे. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तसं उरलेलंच नाही. हे तोंडपाठ ठेवा, रात्री दवाखान्याच्या दारात उपयोगी पडतं.

काय बोलू नये याची यादी मोठी आहे. मी दोनच सांगते. "बायका-पोरांचा विचार करा" हे नको. ओझं वाटणाऱ्या माणसाने तोच विचार केलेला असतो, त्याच्या हिशेबात ते सुटणार असतात. आणि "कोणाला सांगणार नाही" अशी शपथ घेऊ नका. जिवाचा प्रश्न आहे, मी ज्यांना सांगावं लागेल त्यांना सांगेन, पण तुम्हाला विचारून कोणाला ते ठरवू, असं आधीच म्हणा.

राहिला पाठपुरावा, आणि यातच आपण सगळे कमी पडतो. सॅन फ्रान्सिस्कोचे जेरोम मोटो नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. दवाखान्यातून घरी गेलेल्या आणि पुढचे उपचार नाकारलेल्या ८४३ जणांपैकी साधारण निम्म्यांना त्यांनी पाच वर्षं अधूनमधून पत्रं पाठवली. पत्रात काहीही नसायचं. तुम्ही बरे असाल, कळवावंसं वाटलं तर कळवा, एवढंच. पत्रं मिळालेल्यांत पहिल्या दोन वर्षांत मृत्यू कमी झाले. मला हा सगळ्यात आवडता अभ्यास आहे, कारण यात कोणी कोणाला काही समजावलेलं नाही. आम्ही पोस्टकार्डाऐवजी फोन करतो. पहिला आठवडा रोज, मग मंगळवारी, मग महिन्यातून एकदा, आणि धाग्याच्या तारखेला न चुकता. भाऊंच्या बाबतीत निकालाच्या दिवशी मी सकाळी साडेअकरालाच घरी होते. धाकटी पास झाली, पेढे नव्हते, गूळ वाटला. मी रात्रीपर्यंत थांबले. आनंदाच्या दिवशी घर गाफील असतं.

बैल अजून मेव्हण्याकडेच आहेत. चाऱ्याचे भाव ऐकले तर तुम्हीही परत आणणार नाही. गोळ्या मध्ये दोनदा त्यांनी आपल्या मनाने बंद केल्या, दोन्ही वेळा भांडण करून पुन्हा सुरू केल्या. परवा माझा महिन्याचा फोन गेला. तब्येतीचं विचारलं तर "हाये तशीच" म्हणाले, आणि मग मी न विचारताच, "शंभरात बहात्तर उगवले जी यंदा. सत्तरच्या वर हाये. चालते."